डावीकडचा मागचा स्पीकर

गाडीतला स्पीकर पार मेला तर कोणी त्याची धास्ती घेत नाही. मेला तर मेला, नवा बसवा आणि मोकळे व्हा. डोकं उठवतो तो मध्येच वाजणारा आणि मध्येच गप्प बसणारा. मालक शपथेवर सांगतो की बंद आहे, आणि दुकानात आणली की लेकाचा खणखणीत वाजतो. गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा मुका. असल्या दुखण्याला त्या अख्ख्या रस्त्यावर एकच माणूस पुरून उरायचा. त्याला सगळे चकाचक म्हणायचे.

नाव काही उगीच पडलं नव्हतं. गाड्यांचं काम करणाऱ्याचं दुकान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तेलकट फरशी, काळी नखं, कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग. याच्या फरशीत तोंड दिसायचं. पक्कडी आणि पाने भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले. आणि हात तर इतक्यांदा धुवायचा, की शेजारचा पंक्चरवाला ओरडून म्हणायचा, "अहो, हातावरच्या रेषा पुसून जातील, मग भविष्य कोण सांगणार तुमचं?"

पण ग्रीस नि धूळ बाजूला ठेवा. चकाचकला सगळ्यात जास्त किळस कशाची होती सांगू? माणसांच्या खाण्याच्या आवाजाची. चपचप, मचमच, भुरका, मिटक्या. कोणी शेजारी बसून बिस्कीट चावलं तरी याच्या कपाळाला आठ्या. पंक्चरवाला चहा भुरकायला लागला की हा शटर अर्धं ओढून घ्यायचा. कान फार तिखट होते त्याचे, आणि त्या कानांवरच पोट होतं. "आधी कान, मग मीटर," असं तो म्हणायचा. मीटरचे काटे नंतर, आधी स्पीकरला कान लावून ऐकायचं.

त्याचा दुसरा नियम अदलाबदलीचा. डावा स्पीकर काढून उजवीकडे लावायचा, उजवा डावीकडे. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर खराब. दोष जागेवरच राहिला तर वायर बघा, टेप बघा. "दोष नाहीसा होत नसतो," गिऱ्हाइकाला समजावताना तो बोट नाचवायचा, "तो कशाबरोबर जातो तेवढं बघायचं." हे वाक्य त्याच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, अगदी ठकूला सुद्धा.

ठकू त्याची मुलगी. सात वर्षांची, एकुलती एक. पुढचे दोन दात नुकतेच नवे आलेले, करवतीसारखे. पोरगी गोड, पण लहानपणापासून नाक चोंदलेलं. डॉक्टर म्हणाले, मोठी होईल तसं सुटेल. तोवर श्वास तोंडानं, आणि जेवणंही उघड्या तोंडानं. आता तुम्हीच सांगा, त्यात त्या लेकराचा काय दोष? पण तिचा एकेक घास चकाचकच्या डोक्यात तिडीक आणायचा. आधी "तोंड मिटून खा" झालं. तोंड मिटलं की पोरीचा श्वास कोंडायचा. मग जेवताना रेडिओ लागायला लागला, मोठ्यानं. आणि मग एक दिवस ठकूचं ताट उचलून गॅलरीत ठेवलं गेलं. मध्ये काचेचं सरकतं दार. दार बंद, रेडिओ चालू.

बायको म्हणाली, "अहो, पोर आहे ती. गॅलरीत जेवायला बसवायला कुत्रं आहे का?"

"थोडे दिवस," हा म्हणाला. "नाक सुटलं की येईल आत."

थोडे दिवस कसले आले? ऊन सरून थंडी आली, थंडी सरून पुन्हा ऊन आलं. ठकू काचेकडे पाठ करून जेवायची, म्हणजे बाबांना तिचं तोंड दिसायला नको. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच शोधून काढलं होतं. कोणाचंही आतडं पिळवटावं अशी ती पाठ होती. चकाचक मात्र ती पाठ बघायचा आणि निवांत जेवायचा. राग येतो की नाही? मला तर येतो.

तर अशा माणसाकडे भर दुपारी एक गाडी आली. जुनी, राखाडी, पण निगुतीनं ठेवलेली. चालवत होत्या एक चष्मेवाल्या बाई. साडीची घडी मोडलेली नाही, केसाचा केस हललेला नाही. चकाचकला बघताक्षणीच बरं वाटलं.

"डावीकडचा मागचा," बाई म्हणाल्या. "मध्येच बंद पडतो."

"कधी पडतो? खड्ड्यातून गेल्यावर? का गाडी तापली की?"

"आवाज मोठा केला की."

"आणि मग?"

बाईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "मग... तुम्हीच ऐका. गाडी विकायची आहे हो. गिऱ्हाईक येतं, बसतं, आवाज वाढवतं, आणि काही न बोलता उतरून निघून जातं."

चकाचकनं मागचं दार उघडलं. स्पीकरवरच्या पत्र्याच्या जाळीला पोचे आले होते, जवळजवळ, एकाच जागी. कोणीतरी मुठीनं ठोकल्यासारखे.

"हे कशानं?"

"जुनंच आहे ते," बाई म्हणाल्या, आणि संध्याकाळी येते सांगून झपाझप चालायला लागल्या. जाताना त्या गाडीच्या डाव्या बाजूनं गेल्या नाहीत. वळसा घालून गेल्या.

चकाचक मागच्या सीटवर डावीकडे बसला आणि दार लावून घेतलं, कारण बाहेरचा गोंगाट नको. वास तेव्हाच आला. आधी अत्तराचा, आणि त्या अत्तराच्या खाली काहीतरी आंबलेलं. धुवायच्या राहिलेल्या डब्याचं झाकण उघडावं, तसं. त्यानं नाकाला रुमाल लावला, पुढे वाकून रेडिओ लावला. हळू आवाजात चारही स्पीकर उत्तम. थोडा वाढवला, उत्तम. आणखी वाढवला, आणि डावा मागचा पटकन गप्प झाला.

बाकीचे तीन वाजत होते. बाईमाणसाचा गोड आवाज, मागे बासरी. पण त्याच्या डाव्या कानाशी एक भोक पडल्यासारखी शांतता होती, आणि त्या शांततेत...

चप. चप. चप.

त्यानं रेडिओ बारीक केला. स्पीकर गायला लागला, अगदी साळसूद. वाढवला. चप. चप. ओली, सावकाश, मन लावून केलेली चपचप. आणि मध्येच लाळ आत ओढल्याचा सुर्र आवाज.

चकाचकच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. निव्वळ शिसारी. त्यानं काच खाली करून बाहेर पाहिलं. पंक्चरवाला एका गाडीखाली आडवा पडला होता, तोंडात काही नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"दुसरं स्टेशन घुसत असेल," तो स्वतःशीच म्हणाला आणि कामाला लागला. दाराचं अस्तर काढलं, डावा स्पीकर उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. आवाज वाढवला. चपचप डावीकडेच. म्हणजे स्पीकर निर्दोष. टेपच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. चपचप डावीकडेच. म्हणजे टेपही निर्दोष. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायर जाते, उघडझाप होऊन तिथे हमखास तुटते. ती काढून नवी कोरी घातली. चपचप डावीकडेच, उलट आता जरा घाईनं. भूक वाढावी तशी.

शेवटी त्यानं स्पीकरच उपटला. नेऊन टेबलावर ठेवला, तारा मोकळ्या. दारात नुसतं गोल भोक राहिलं, आत काळोख. मग सीटवर बसून आवाज वाढवला.

भोकातून चपचप आली.

आता ती अगदी स्वच्छ ऐकू येत होती, मध्ये ना जाळी ना पडदा. दात नव्हते त्या तोंडाला. हिरडीवर हिरडी घासत होती. घास इकडून तिकडे घोळत होता, भिजत होता, आणि गिळायची वेळ आली की घशात गुळळ करून अडकायचा, परत वर यायचा, परत घोळायला लागायचा.  चकाचकच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते.

दुसरा कोणी असता तर शटर ओढून घरी गेला असता. पण हाडात भिनलेली सवय काय करू देते बघा. आधी कान, मग मीटर. चकाचकनं श्वास रोखला, सरकला, आणि डावा कान त्या भोकाला लावला.

चपचप थांबली.

काही क्षण काहीच नाही. नुसती गाणं म्हणणारी बाई. मग भोकातून कोमट, ओला श्वास कानावर आला... आणि त्यापाठोपाठ काहीतरी मऊ, लिबलिबीत, हळूच कानाच्या पाळीवर ठेवलं गेलं. लहान मुलाला घास भरवतात ना, तितक्या प्रेमानं.

तो दार ढकलून बाहेर पडला तो थेट नळावर. रुमालानं कान पुसला तर रुमालावर करड्या रंगाचा लगदा. चावून चावून पार रंग गेलेला. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. साबण लावून लावून कान लाल केला, तरी आत खोलवर काहीतरी चिकटून राहिल्याची भावना जाईना.

पंक्चरवाला धावत आला. "काय झालं हो? बाधलं का काही?"

"गाडीत घाण आहे," चकाचक कसाबसा म्हणाला.

घाण म्हटल्यावर मात्र त्याच्यातला चकाचक जागा झाला. रबरी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, बॅटरी मारून दाराच्या पोकळीत पाहिलं. तळाशी, काच खाली जाते तिथे, घासांचा खच पडला होता. घासच, दुसरा शब्द नाही. चावलेले, न गिळलेले, तोंडातून काढून काचेच्या फटीतून आत ढकललेले. जुने वाळून खडे झालेले, त्यावरचे मऊ, सगळ्यात वरचे अजून ओले. काहींवर बोटांचे ठसे उमटले होते. एकातून पांढरा केस लोंबत होता. पत्र्याच्या पट्टीनं खरवडून त्यानं ते बादलीत काढले. प्रत्येक खेपेला उमासा येत होता आणि प्रत्येक खेपेला तो दात आवळून पुन्हा वाकत होता. सगळ्यात वरचे ओले कसे, हा विचार त्यानं डोक्यात येऊच दिला नाही.

कारण एकीकडे त्याचा जीव भांड्यात पडला होता. कारण सापडलं होतं! ओल धरली, तारांच्या टोकांना गंज चढला, म्हणून स्पीकर मध्येच बंद. बाकी सगळे भास, उन्हाचा कडाका आणि तो वास. दार आतून धुतलं, सुकवलं, स्पीकर बसवला, अस्तर लावलं. आवाज पार टोकाला नेला. चारही स्पीकर दणदणत राहिले. चपचप नाही की काही नाही.

बाई आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. चकाचकनं बादलीवरचं झाकण जरा सरकवलं. बाईंनी एकदा पाहिलं आणि भिंतीचा आधार घेतला.

"कोण होतं?" त्यानं विचारलं.

"आमचे थोरले भावजी," बाई अगदी हळू म्हणाल्या. "झटका आला होता त्यांना. अर्धं तोंड लुळं पडलं. दात आधीच गेलेले. जेवायला बसले की तो आवाज... मुलं ताटावरून उठून जायची. मला स्वतःला ओकारी यायची. देवासारखा माणूस हो, पण तो आवाज..."

चकाचकनं मान हलवली. त्याला ते नको इतकं कळत होतं.

"त्यांना गाणी आवडायची. म्हटलं, अंगणात गाडीत बसून जेवा, गाणी ऐका. मागची सीट मऊ आहे. दार लावून घ्यायचे मी. रेडिओ मोठा लावायचे. त्यांना बरं ऐकू यावं म्हणून... असं मी सगळ्यांना सांगायचे." बाईंनी चष्मा काढला. डोळे कोरडे होते. "एक दिवस गाणी संपून बातम्या लागल्या तरी हाक आली नाही, म्हणून ताट आणायला गेले. घास अडकला होता. जाळीवर मुठी मारल्या होत्या त्यांनी. किती मारल्या असतील, देव जाणे. गाणं मोठं होतं... कोणाला कळलंच नाही."

मग त्यांनी एक गोष्ट केली. मागचं डावं दार उघडून त्या आत बसल्या आणि म्हणाल्या, "लावा. मोठा लावा."

चकाचकनं लावला. बाई बराच वेळ कान देऊन बसल्या. उतरल्या तेव्हा चेहरा पार बदलला होता, दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा.

"गेला," त्या म्हणाल्या. "खरंच गेला हो."

घरी पोचेपर्यंत चकाचकला कानाचं विसरायला झालं होतं. हातपाय धुतले, रेडिओ लावला, जेवणाआधी नेहमी लावायचा तसा, मोठ्यानं. आणि डावा कान बंद झाला. पटकन, बटण दाबल्यासारखा. उजव्या कानात गाणं, आणि डाव्या कानात, पडद्याच्याही आत...

चप. चप. चप.

त्यानं रेडिओ बारीक केला. कान उघडला. पुन्हा वाढवला. पुन्हा चप. तो मटकन खुर्चीत बसला.

"काय झालं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. कानात पाणी गेलंय."

ठकू गॅलरीच्या दारात उभी होती. ती आली, खुर्चीच्या दांडीवर चढली आणि मोठ्या माणसासारखं बोट नाचवत म्हणाली, "बाबा, आधी कान, मग मीटर!" आणि त्यानं काही म्हणायच्या आत तिनं आपला छोटासा कान त्याच्या डाव्या कानाला घट्ट चिकटवला.

तिचं उघडं तोंड त्याच्या गालाशी होतं. कोमट श्वास, दुधाचा वास, लाळेचा थेंब. एरवी त्यानं खांदा उडवून तिला दूर लोटलं असतं. पण डोळ्यांसमोर ती जाळी आली, ते पोचे आले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं किळस गिळली. पोरीला तसंच राहू दिलं. वाटलं, जाऊ दे. एवढ्याशा जिवाला काय दूर लोटायचं? बिचाऱ्याला चांगलं वागायचं सुचलं, तेही नेमकं कधी, बघा!

"काही वाजत नाहीये," ठकू बराच वेळ ऐकून म्हणाली. मग खुदकन हसली, आपला कान खाजवला आणि उडी मारून पळाली.

चकाचकचा कान पटकन मोकळा झाला. त्यानं रेडिओ वाढवला, खूप वाढवला. दोन्ही कानांत गाणं! चपचप नाही, अडकलेला घास नाही. एवढं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. बायकोनं ताटं वाढली. ठकूनं आपलं ताट आपणहून उचललं, गॅलरीत गेली, दार लावून घेतलं, काचेकडे पाठ केली. चकाचकच्या ओठावर आलं होतं, आज आत बस गं. पण मग म्हणाला, उद्यापासून. आजच्या दिवस शांतपणे जेवू दे. आणि तो हात धुवायला नळाशी गेला. बायको चुलीपाशी होती, तिची पाठ होती गॅलरीकडे. रेडिओवर तीच बाई गात होती, तीच बासरी.

"गेला," तो साबण चोळता चोळता मोठ्यानं म्हणाला. "खरंच गेला."

आणि हात तसेच थांबले. हेच कोणीतरी म्हणालं होतं. आजच. चष्मेवाल्या बाई, गाडीतून उतरताना. त्यांच्याकडून गेला तेव्हा तो आपल्या कानात आला. मग आता आपल्या कानातून गेला म्हणजे... दोष नाहीसा होत नसतो.

तो फेसाळ हातांनीच धावला आणि रेडिओची वायर भिंतीतून उपटली.

थप.

थप. थप.

काचेवर दोन छोटे तळहात होते. ठकूचा चेहरा निळा पडला होता, डोळे बाहेर आले होते, तोंड उघडं आणि तोंडातून आवाज नाही. काचेवर खालपासून वरपर्यंत हाताचे ठसेच ठसे. किती वेळ मारत होती थापा, कोण जाणे. त्यानं दार सरकवलं, तिला पालथी घेतली, पाठीत धपाटे घातले. काही पडेना. मग त्यानं, ज्यानं जन्मात कोणाचं उष्टं भांडं उचललं नव्हतं त्यानं, आपली बोटं पोरीच्या तोंडात घातली. लाळेतून, जिभेवरून, घशापर्यंत. ते नवे दात कचकन त्याच्या बोटात रुतले, रक्त आलं. त्यानं बोट काढलं नाही. काहीतरी बुळबुळीत हाताला लागलं, आकडा करून त्यानं ते ओढलं, आणि फरशीवर फेकलं.

ठकूनं मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. असला गोड आवाज चकाचकनं कुठल्याच स्पीकरमधून कधी ऐकला नव्हता.

बायको रडत, शिव्या घालत, पोरीला कुरवाळत होती. "काय खाल्लंस गं एवढं घाईघाईनं?" आणि मग तिची नजर ताटाकडे गेली. ताट जसंच्या तसं होतं. एक घासही मोडलेला नव्हता. फरशीवर पडला होता तो गोळा करडा होता, आंबूस, चावून चावून रंग गेलेला, आणि त्यावर बोटांचे ठसे होते. ठकूच्या बोटांपेक्षा खूप मोठे.

हुंदके ओसरल्यावर ठकू बापाच्या गळ्यात पडून कुजबुजली, "बाबा, रेडिओ मोठा नका ना लावू... मोठा लावला की कोणाला कळतच नाही. आम्ही किती थापा मारल्या..."

"आम्ही?" चकाचक म्हणाला. "आम्ही म्हणजे कोण, ठकू?"

ती झोपेला आली होती. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ पंक्चरवाल्याकडे गेला, फुकटात. गॅलरीचं दार बिजागऱ्यांसकट... छे, सरकतं दार ते, रुळावरून उचलून माळ्यावर टाकलं. ठकूचं ताट आता टेबलावर असतं, बापाच्या डाव्या हाताला, अगदी कानाशी. घरात जेवताना काही वाजत नाही. चकाचक ऐकत बसतो. चपचप, मचमच, सुर्र. किळस गेली का म्हणाल तर अजिबात नाही. प्रत्येक घासाला त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात, तोंडाला तेच पाणी सुटतं, आणि तो ते गिळतो आणि ऐकत राहतो. कारण आवाज चालू आहे तोवर बरं असतं. थांबला की उठायचं.

पोरीला नंतर काही झालं नाही. खेळते, शाळेत जाते. नाकही सुटलं, डॉक्टरांनाच नवल वाटलं. आता ती तोंड मिटून श्वास घेते.

पण सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून ठकू आडवी होते, बायकोचा डोळा लागतो, सगळीकडे सामसूम होते, आणि तेव्हा ते ऐकू येतं. पोरगी गाढ झोपलेली असते. ओठ मिटलेले, जबडा स्थिर. आणि तरीही आतून, सावकाश, मन लावून... चप. चप. चप. चकाचक उशाशी बसून असतो, कान देऊन. उठवत नाही.

मागच्या सुट्टीला ते मध्येच थांबलं.

तो वाकला. त्यानं पोरीचे ओठ हळूच उघडले, आणि दात आवळून, शहारत, बोट आत घातलं. घशापर्यंत काही नव्हतं. तो सुटकेचा श्वास सोडून बोट मागे घेणार, एवढ्यात ते आतून कोणीतरी धरलं. चावलं नाही. ठकूच्या त्या करवतीसारख्या दातांचा पत्ताच नव्हता तिथे. नुसत्या हिरड्या होत्या, मऊ, ओल्या, कोमट, आणि त्यांनी बोट घट्ट धरलं आणि घोळवायला सुरुवात केली.